जुन्या बंदुका : बफ मारण्याआधी वाचा

पावसाळा सरला की माळ्यावरच्या बंदुका खाली उतरतात आणि माझ्याकडे पत्रं येऊ लागतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

आजोबांच्या ठासणीच्या (तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीला शंभरावर वर्षं झाली. आता ती अँटिक, परवाना लागत नाही, असं सगळेच म्हणतात. खरं ना? (चिपळूण)

खोटं. दोन कायद्यांची खिचडी झाली आहे. 100 वर्षांची अट 1972 च्या पुरावस्तू कायद्यातली. त्याने विक्रीवर आणि देशाबाहेर नेण्यावर बंधनं येतात, सूट कसलीच मिळत नाही. परवान्याचा मामला 1959 च्या शस्त्र कायद्याचा. त्याच्या कलम 45 मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे खरी, पण दुरुस्त करूनही त्यातून बार निघणार नसेल तरच. चाप अडकलाय, घोडा तुटलाय, या तर दुरुस्त होणाऱ्याच गोष्टी. निकाल तुम्ही लावायचा नाही, मीही नाही. शस्त्र परवाना शाखेकडून लेखी घ्या.

आणि आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना असेल व ते गेले असतील, तर बंदूक लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. वारसाचा अर्ज त्यानंतर. ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या घरांत पुढे काय होतं, ते वकिलांना विचारा.

मामांकडे थ्री-नॉट-थ्री आहे. संग्रहासाठी घेऊ? (नाशिक)

नाही. तो प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, साध्या परवान्यावर चालत नाही. मामांकडे ती कोणत्या कागदावर आली, हे आजच वकिलाला दाखवा.

एका विक्रेत्याने ‘शिवकालीन’ म्हणून टोपीची बंदूक दाखवली. पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर 1857’ असं कोरलंय. किंमत योग्य वाटते. (पुणे)

शिवकालात इंग्लंडच्या राणीचा मुकुट? घोडा टोपीवर आपटून बार काढणारी बंदूक एकोणिसाव्या शतकातली. शिवकालात तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार काढायच्या बंदुका होत्या. तुमची खरी असेल तर 1853 च्या एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी बंदुकीच्या घराण्यातली, आणि खरी नसण्याची शक्यताही बरीच. खैबर खिंडीच्या परिसरात अशा नकला पिढ्यान्‌पिढ्या बनल्या. काहींवर तर ‘एनफिल्ड’मधलं इंग्रजी ‘एन’ उलटं असतं. विक्रेत्याकडे पुरावस्तू विक्रीचा आणि शस्त्रविक्रीचा परवाना आहे का, ते विचारा. बहुधा तिथेच बोलणं संपेल.

नळी काळी पडली आहे. गावातला वेल्डर बफ मारून आरशासारखी करून देतो म्हणतो. आधी ॲसिड लावू का? (वाई)

दोन्ही नको. याच प्रश्नाला मी सर्वांत जास्त भितो, म्हणून जरा सविस्तर.

लाल, भुसभुशीत, बोटाला लागतो तो गंज चालू आहे. काळा-तपकिरी, घट्ट थर मात्र बहुतेक वेळा स्थिरावलेला असतो आणि आतलं लोखंड तोच राखतो. बफ दोघांत फरक करत नाही. नळीवरचे शिक्के केसभर खोल असतात. ईस्ट इंडिया कंपनीचा बदामाच्या आकाराचा शिक्का, तपासनिसाचं अक्षर, पलटणीचा आकडा, सगळं एका दुपारी जातं. 1857 नंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती बाहेरून एनफिल्डसारख्याच, पण नळीत आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा) नसलेल्या बंदुका दिल्या, म्हणजे पल्ला आणि नेम गोऱ्या पलटणींपेक्षा कमी राहावा. हा अविश्वास आज वाचता येतो तो नळीच्या आतून आणि शिक्क्यांवरून. घासल्यावर तुमच्याकडे उरतो नुसता पाइप.

देशी तोड्याच्या बंदुकांची गोष्ट याहून नाजूक. कोफ्तगरीत लोखंडावर बारीक आडव्या-तिरप्या रेघा ओढून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. डाख देऊन जोडलेली नसते. बफ लागला की सोनं उडालंच. पीळ देऊन घडवलेल्या नळीवरची लहरही अशीच पुसते. ॲसिड स्क्रूच्या भोकांत, सांध्यांत मुरतं आणि पुढच्या पावसाळ्यात आतून गंज काढतं. ‘रिस्टोर्ड’ अशी पाटी लावून दुप्पट भाव सांगणारे हेच करतात.

करायचं ते थोडंच आहे. पाचव्या प्रश्नातली तपासणी आधी. मग शिलाई मशीनचं पातळ तेल, एक दिवस धीर, बांबूची कामटी, मऊ सुती कापड. पॉलिश पेपर नाही. सोनं, लहर किंवा सुटणारे पापुद्रे दिसले तर तेलही नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे विचारा. चाप-घोडा चालू करून द्या म्हणून मात्र कोणाला सांगू नका. बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो.

जुनी ठासणीची बंदूक भरलेली आहे का, हे कसं कळेल? (सावंतवाडी)

भरलेलीच समजा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तोंडासमोर कोणी उभं राहू नये. बारीक लाकडी काठी अलगद आत सोडून खूण करा आणि मग तीच काठी नळीच्या बाहेरून, तोंडापासून बंदुकीच्या कानापर्यंत (मागच्या बत्तीच्या भोकापर्यंत) धरून पाहा. चार बोटं कमी भरली तर थांबा. ठोकू नका, ड्रिल नको, तापवणं तर नकोच. पोलीस ठाण्याला कळवा.

दस्त्याला खोबरेल चालेल का? (दापोली)

नाही. चिकटतं आणि धूळ धरतं.

मी न्यू जर्सीत मार्टिनी-हेन्री (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) घेतली. इथे 1898 पर्यंतच्या बंदुकीला केंद्रीय कायद्यात सूट आहे. पुण्याच्या घरी आणता येईल?

अमेरिकेची सूट अमेरिकेपुरती. आपल्याकडे निर्मितीचं साल नव्हे, बार निघू शकतो का हे पाहतात, आणि मार्टिनी मजबूत बंदूक आहे. सामानात टाकून ‘शोपीस’ म्हणण्याचा सल्ला ज्यांनी दिला, ते विमानतळावर तुमच्या शेजारी उभे नसतील. आधी परवाना शाखा आणि कस्टम्स, दोघांकडून लेखी.

चामड्याच्या म्यानातच ठेवू ना? (सांगली)

नाही. चामडं ओल आणि आम्ल धरतं. पितळेवर हिरवा कळंक चढतो तो त्यामुळेच. पट्टा वेगळा ठेवा.