ऑफिसच्या नेटवर्कवरूनच कंपनीची वेबसाइट उघडत नाही. आतल्या आणि बाहेरच्या डोमेनचा घोळ कसा निस्तरायचा?

तुम्ही लिहिलंय की नवा विंडोज सर्व्हर बसवल्यापासून ऑफिसातल्या एकाही कॉम्प्युटरवर कंपनीची वेबसाइट उघडत नाही, मोबाइल डेटावर मात्र लगेच उघडते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं (ऑफिसातली मशीन्स आणि लॉगिन सांभाळणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेचं) डोमेन आणि वेबसाइटचं डोमेन एकच आहे. कुणीतरी सुचवलंय की सगळ्या मशीनवर दुसरा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाका. ते टाकावं का, आणि कायमचा उपाय काय, हा तुमचा प्रश्न. सोयीसाठी तुमच्या डोमेनला मी अबक.कॉम म्हणतो.

८.८.८.८ टाकू नका. विंडोज पहिल्या डीएनएस सर्व्हरला विचारतं, तो म्हणतो 'असं नाव अस्तित्वात नाही', आणि विंडोजच्या लेखी विषय तिथेच संपतो. 'नाही' हेही पूर्ण उत्तर आहे. दुसऱ्याला विचारायची वेळ येते ती पहिल्याने काहीच उत्तर दिलं नाही तर. म्हणजे वेबसाइटचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. वर एखाद्या दिवशी सर्व्हर रीस्टार्ट होतो, मशीन्स ८.८.८.८ कडे वळतात आणि काही वेळ तिथेच चिकटून बसतात. बाहेरच्या डीएनएसला तुमचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर, कुठे आहे याची काहीच कल्पना नसते. मग वेबसाइट उघडते, आणि लॉगिन, शेअर्ड ड्राइव्ह, प्रिंटर हे सगळं अडतं. डोमेनमधल्या मशीनवर फक्त डोमेन कंट्रोलरांचेच पत्ते डीएनएस म्हणून हवेत. बाहेरच्या नावांसाठी फॉरवर्डर (ज्याला पुढे विचारायचं तो बाहेरचा डीएनएस) लावायचा तो सर्व्हरवर.

आता मूळ दुखणं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी उभी करताना सर्व्हरवर अबक.कॉम नावाचा डीएनएस झोन, म्हणजे त्या डोमेनमधल्या नावांची यादी, तयार झाला. त्या क्षणापासून तो सर्व्हर स्वतःला या नावाचा मालक समजतो. दुसऱ्या कुठल्याही डोमेनबद्दल विचारलंत तर तो बाहेर चौकशी करेल, पण अबक.कॉमने संपणाऱ्या नावाबद्दल तो बाहेर विचारणारच नाही. माझ्याकडे नाही म्हणजे जगात नाही, असा त्याचा खाक्या. फॉरवर्डर कितीही लावा, या झोनपुरते ते निरुपयोगी आहेत. सर्व्हर बिघडलेला नाही, डीएनएसचा नियमच तसा आहे. एकाच नावाला आत एक आणि बाहेर दुसरं उत्तर मिळण्याच्या या प्रकाराला स्प्लिट डीएनएस म्हणतात. बऱ्याच ठिकाणी तो मुद्दाम करतात, तुमच्याकडे तो नकळत झालाय.

खात्री करून घ्या. ऑफिसच्या मशीनवर एनएसलुकअप ही डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड चालवून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.अबक.कॉम विचारा, आणि नावाच्या शेवटी एक टिंब द्या. टिंब नसेल तर एनएसलुकअप स्वतःच मागे पुन्हा अबक.कॉम जोडून बघतं आणि उत्तर वाचताना गोंधळ होतो. 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' आलं तर दुखणं हेच. मग तोच प्रश्न शेवटी ८.८.८.८ जोडून विचारा, म्हणजे बाहेरचा खरा आयपी मिळेल. फायरवॉल ५३ नंबरचं पोर्ट अडवत असेल तर हे फोनवरून बघावं लागेल. आतूनही बरोबर आयपी येत असेल आणि तरी साइट उघडत नसेल, तर प्रकरण वेगळं आहे. अशा वेळी बहुधा साइट तुमच्याच ऑफिसातल्या मशीनवर असते, नाव बाहेरच्या आयपीकडे बोट दाखवतं आणि राउटरला आतून बाहेर जाऊन परत आत येणं जमत नाही. त्याला हेअरपिन नॅट लागतं, किंवा सोपं म्हणजे आतल्या झोनमध्ये त्या नावाला आतलाच आयपी द्यायचा.

तुमच्या बाबतीत लगेचचा उपाय दोन मिनिटांचा आहे. डीएनएस मॅनेजर उघडा, अबक.कॉम झोनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नावाचा ए रेकॉर्ड (नावापुढे आयपी लिहिणारी नोंद) करा आणि बाहेरचा आयपी लिहा. मग एका मशीनवर आयपीकॉन्फिगने डीएनएस कॅशे फ्लश करून बघा. आधी मिळालेलं 'नाही'सुद्धा काही काळ लक्षात ठेवलं जातं, ब्राउझरचीही स्वतःची कॅशे असते, त्यामुळे लगेच उघडलं नाही म्हणून रेकॉर्ड पुसू नका.

बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि पुढे कधीतरी वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर जाते. बाहेरचा रेकॉर्ड बदलतो, आतला जुन्याच आयपीवर राहतो. जगाला नवी साइट दिसते आणि ऑफिसला जुनी, किंवा काहीच नाही. साइट सीडीएनमागे (मधल्या वाटप सर्व्हरांच्या जाळ्यामागे) असेल तर आयपी न सांगताही बदलू शकतो. म्हणून आयपी लिहिण्यापेक्षा मला दोन मार्ग जास्त पसंत आहेत. होस्टिंगवाल्याने त्यांच्या डोमेनमधलं एखादं नाव दिलं असेल तर ए रेकॉर्डऐवजी त्या नावाचा सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) लिहा. ते नाव तुमच्या झोनबाहेरचं असल्यामुळे सर्व्हर ते बाहेर विचारून आणतो आणि आयपी आपोआप ताजा राहतो.

तसं नाव नसेल तर डेलिगेशन करा. ही युक्ती फारशी कुणी वापरत नाही, पण कामाची आहे. झोनवर राइट क्लिक करून नवं डेलिगेशन घ्या, नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू द्या, आणि नेमसर्व्हर म्हणून अबक.कॉम बाहेर जिथे ठेवलंय तिथले सर्व्हर लिहा. आता आतला सर्व्हर म्हणतो की झोन माझा, पण या एका नावाचं त्यांना विचारा. बाहेर काहीही बदललं तरी आत हात लावावा लागत नाही. अट एकच. ही चौकशी फॉरवर्डरमार्फत होत नाही, सर्व्हर थेट त्या नेमसर्व्हरकडे जातो. त्यामुळे फायरवॉलमध्ये डोमेन कंट्रोलरला ५३ पोर्टवर यूडीपी आणि टीसीपी दोन्ही बाहेर मोकळं हवं.

फक्त वेबसाइटचा पत्ता घालून भागणार नाही. डोमेन ज्या पॅनेलमध्ये आहे तिथली पूर्ण रेकॉर्ड यादी उघडा आणि ओळीओळीने बघा की ऑफिसातून यातलं काय काय लागतं. मेल, व्हीपीएन, ग्राहकांचं पोर्टल, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा ऑटोडिस्कव्हर, म्हणजे आउटलुकला मेल सर्व्हर शोधून देणारं नाव. मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर ऑटोडिस्कव्हरचा सीनेम आतल्या झोनमध्येही लागतो. तो नसेल तर आउटलुक ऑफिसात पासवर्ड मागत बसतं आणि घरी नीट चालतं. आतला एखादा मेल सर्व्हर तुमच्याच डोमेनचं एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं याची यादी) तपासत असेल तर ती यादी असलेला टीएक्सटी रेकॉर्डही आत हवा.

खरी अडचण पुढे आहे, ती म्हणजे नुसता अबक.कॉम. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता लोक टाइप करतात आणि ते उघडत नाही. झोनच्या मुळाशी, डीएनएस मॅनेजरमध्ये जिथे 'सेम ॲज पॅरेंट फोल्डर' दिसतं, तिथे प्रत्येक डोमेन कंट्रोलरचा आयपी असतो. तो काढून वेबसाइटचा आयपी टाकावा असा मोह होतो. ते करू नका. मशीन्स ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीन्सना लागू होणारे ऑफिसचे नियम) वाचायला \\अबक.कॉम\सिसव्हॉल इथे जातात, आणि तिथे वेबसाइट सापडली तर पॉलिसी लागत नाहीत. डोमेन कंट्रोलरांचे आयपी राहू देऊन वेबसाइटचा जोडीला टाकला तर आणखी वाईट. उत्तरं आळीपाळीने पुढे येतात, म्हणून कधी चालतं, कधी नाही, आणि कारण शोधता शोधता जीव जातो. शिवाय काढलेले आयपी डोमेन कंट्रोलरचीच नेटलॉगऑन सर्व्हिस थोड्या वेळाने परत लिहितेच.

यावर चालणारा तोडगा म्हणजे डोमेन कंट्रोलरवर पोर्टप्रॉक्सी. विंडोजच्या नेटशेल कमांडमध्ये इंटरफेस पोर्टप्रॉक्सी वापरून ८० आणि ४४३ या वेबच्या दोन पोर्टांवर आलेलं ट्रॅफिक वेबसाइटच्या आयपीकडे ढकलायचं. टीसीपी जसंच्या तसं पुढे जातं, म्हणून सर्टिफिकेटची तक्रार येत नाही. आयपी हेल्पर सर्व्हिस चालू हवी. डीएनएस रेकॉर्ड सगळ्या डोमेन कंट्रोलरांवर आपोआप पोचतात, ही सेटिंग पोचत नाही, ती प्रत्येकावर वेगळी करावी लागते. काही जण डोमेन कंट्रोलरवर आयआयएस हा विंडोजचा वेब सर्व्हर बसवून रीडायरेक्ट करतात. एक तर डोमेन कंट्रोलरवर वेब सर्व्हर नको, आणि एचटीटीपीएससाठी वेबसाइटचं सर्टिफिकेट तिथे ठेवावं लागतं. छोट्या ऑफिसात मी यातलं काहीच न करता लोकांना पूर्ण पत्त्याचा बुकमार्क करून देईन.

डोमेनचं नाव बदलायचं का? कामाला रेंडॉम नावाचं टूल आहे, पण माझं मत स्पष्ट 'नको' असं आहे. प्रत्येक मशीन दोनदा रीस्टार्ट करावं लागतं, आणि नेटवर्कमध्ये आतला एक्स्चेंज मेल सर्व्हर असेल तर वाट बंदच. सर्व्हर अगदी परवाच बसवला असेल आणि मशीन्स मोजकी असतील, तर मात्र डोमेन मोडून नव्याने उभारणं खरोखर स्वस्त पडेल. तेव्हा नाव एडी.अबक.कॉम असं ठेवा, म्हणजे स्वतःच्याच डोमेनचा वेगळा उपविभाग. आतला सर्व्हर तेवढ्याचाच मालक राहतो, बाकी सगळं बाहेर विचारतो, आणि वर लिहिलेला सगळा उपद्व्याप उरत नाही. लोकांना लॉगिनला नाव@अबक.कॉम हवं असतं म्हणून बहुतेक वेळा एकच डोमेन ठेवलं जातं. पण ते यूपीएन सफिक्स (लॉगिन नावातला @ नंतरचा भाग) जोडूनही मिळतं, त्यासाठी झोन एक असायची गरज नाही.

आतल्या डोमेनच्या नावाला मनाने एखादं शेपूट लावू नका. पूर्वी सर्रास .लोकल वापरायचे, पण २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकाने ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय एकाच नेटवर्कवर नावं शोधायच्या पद्धतीसाठी) राखून ठेवलं, आणि मॅक अशा नावांचा शोध वेगळ्याच पद्धतीने घेतो. .डेव्ह वापरणाऱ्यांना २०१७ मध्ये क्रोमने दणका दिला, कारण ते गूगलचं खरं डोमेन निघालं आणि क्रोमने त्यावर एचटीटीपीएस सक्तीचं केलं. अगदीच खाजगी नाव हवं असेल तर जगभरची डोमेन नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये .इंटरनल त्यासाठी राखून ठेवलंय, पण त्यावर बाहेरच्या संस्थेचं सर्टिफिकेट मिळत नाही, स्वतःची सर्टिफिकेट व्यवस्था लागते.

विंडोज नसलेल्यांसाठी एवढंच. राउटरवर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर असेल तर लोकल झोनचा प्रकार 'स्टॅटिक' ठेवला की हाच आजार होतो. 'ट्रान्सपरंट' ठेवला की आत लिहिलेली नावं आतून मिळतात, बाकीची बाहेरून. बाइंड या दुसऱ्या डीएनएस सर्व्हरमध्ये हेच रिस्पॉन्स पॉलिसी झोनने साधतं. विंडोजच्या डीएनएसमध्ये असा सोयीचा खटका नाही.

अबक.कॉमवर बाहेर डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करणारी व्यवस्था) लावलेलं असेल तर ते आधी बघा. आतला झोन सही नसलेला असतो, त्यामुळे स्वतः पडताळणी करणाऱ्या मशीनला तो बनावट वाटतो आणि बरोबर रेकॉर्डही नाकारला जातो. आणि घरून व्हीपीएन लावणाऱ्यांचे लॅपटॉपही तपासून घ्या. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये अबक.कॉमची सगळी नावं आतल्या डीएनएसला विचारा असा नियम असतो, म्हणून घरीही व्हीपीएन चालू असेपर्यंत वेबसाइट बंद दिसते. वरचे रेकॉर्ड नीट लावलेत तर तीही चालू होईल, लॅपटॉपवर वेगळं काही करावं लागणार नाही.