पटाचे आकडे पहिल्यांदा वाचताना

शाळा व्यवस्थापन समितीवर आलात आणि पहिल्याच महिन्यात पटाचे कागद मागितलेत, याचा मला मनापासून आनंद झाला. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

आधी इयत्ता नीट बघा. आपण गोव्यात पाचवी ते आठवीला मिडल म्हणतो, पण यूडायसच्या, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीच्या तक्त्यात उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी. पाचवी एकीकडे धरली आणि दुसरीकडे सोडली, की पट उगाच घसरलेला दिसतो. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो.

लहान शाळेत टक्केवारीच्या मागे लागू नका. सातवीत आठ मुलं असतील आणि दोन गेली, तर कागदावर २५ टक्के घट दिसते. ती दोन मुलं गेली कुठे, ते वर्गशिक्षिकेला विचारा. वडिलांचं बांधकामावरचं काम संपून घर हललं असेल, किंवा मुलं शेजारच्या अनुदानित शाळेत गेली असतील. दोन्हींवरचा उपाय वेगळा.

सामाजिक गटांचे जुने आकडे जपून वापरा. गोव्यातले गावडा, कुणबी, वेळीप हे समाज २००३ मध्ये अनुसूचित जमातींत आले. म्हणून राज्यात २००१ च्या जनगणनेत या रकान्यात ५६६ माणसं, तर २०११ मध्ये सुमारे दीड लाख! लोक वाढले नाहीत, यादी बदलली.

शिक्षकांचं प्रमाण, गळतीचा दर वगैरे पुढे बघू. आधी वहीत गेल्या तीन वर्षांची मुला-मुलींची संख्या इयत्तावार मांडा. आणि मुलांची नावं असलेला कागद व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.