औषध कोणते, हे गाठीतल्या बिघाडावर ठरते

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत गेला आहे. बायोप्सी झाली, तरी डॉक्टर आता ‘रास’ तपासणी सांगतात. पैसे आणि दिवस दोन्ही जातात. खरंच गरज आहे का? (जुळे सोलापूर)

उत्तर : आहे. सेटुक्सिमॅब या कॅन्सरवरच्या औषधाचा पहिला डोस देण्याआधी ती झालीच पाहिजे. गाठीतली रास जनुके बिघडली आहेत का, हे ती सांगते. आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा रिसेप्टर असतो. वाढीचा निरोप तिथे आला की तो रास, राफ, मेक, ईआरके या प्रथिनांच्या साखळीतून केंद्रकापर्यंत जातो आणि पेशी विभागते. सेटुक्सिमॅब हा निरोप दारातच अडवते. पण रासच बिघडले असेल तर? बटण ‘चालू’वर अडकलेला यंत्रमाग मुकादमाने थांब म्हटले तरी थांबत नाही, तसे होते. औषध महाग, अंगावर पुरळ उठते ते वेगळेच, आणि फायदा काही नाही. रास जनुकांपैकी एकट्या केरासमधला बिघाड शंभरातल्या सुमारे चाळीस रुग्णांत सापडतो, म्हणून मी इतके आग्रहाने सांगतो आहे.

नवी बायोप्सी बहुधा लागत नाही, जुना ब्लॉक (बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा) लॅबमधून मागवा. त्याच ब्लॉकवर बीराफ (राफ प्रथिनाचे जनुक) आणि एमएसआय (पेशीत डीएनएतल्या चुका दुरुस्त होत नसल्याची खूण) याही तपासण्या करून घ्या. एमएसआय ‘हाय’ आले तर केमोऐवजी आधी इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधांचा, विचार होतो. आणि गाठ आतड्याच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या, हे विचाराच. रास ठीक असूनही उजव्या बाजूच्या गाठीत सुरुवातीला सेटुक्सिमॅबचा उपयोग सहसा होत नाही. रिपोर्ट येईपर्यंत नुसती केमो सुरू करता येते का, हेही डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : वय ५२. वर्षभर शौचातून अधूनमधून रक्त पडते. मूळव्याध समजून चूर्ण घेतो. कोलोनोस्कोपीची भीती वाटते. (अक्कलकोट रोड)

उत्तर : मूळव्याध असेलही, पण त्यासोबत कॅन्सर नसेलच असे कुणी सांगू शकत नाही. आतड्याच्या कॅन्सरची सुरुवात बहुतेकदा एपीसी जनुकाच्या बिघाडाने होते. एरवी एपीसी बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची विल्हेवाट लावायला मदत करते. ते निकामी झाले की बीटा-कॅटेनिन साठते, केंद्रकात शिरते आणि पेशी वाढत सुटतात. यालाच व्हिंट मार्ग म्हणतात. आधी होतो तो साधा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरचा छोटा उंचवटा. पुढे केरास, पी५३ अशी जनुके बिघडत जाऊन त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. तोवर दुर्बिणीतूनच पॉलिप कापून काढता येतो. एवढी मुदत फार थोडे कॅन्सर देतात. ती चूर्णात घालवू नका, या महिन्यातच तपासणी करा.

प्रश्न : शेंगाचटणी आणि तिखटाने आतड्याचा कॅन्सर होतो का? (बाळे)

उत्तर : तसा पुरावा नाही. दारू, तंबाखू, लठ्ठपणा आणि प्रक्रिया केलेले मांस यांची काळजी करा. ज्वारीची भाकरी सोडू नका.

प्रश्न : आईला ४४व्या वर्षी गर्भाशयाचा, मामांना ४७व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला. मी २८ वर्षांची आहे. (बार्शी)

उत्तर : हे लिंच सिंड्रोम असू शकते. त्यात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारे जनुक जन्मतःच सदोष असते. आधी आईची किंवा मामांची जनुक तपासणी करा. त्यांच्यात दोष सापडला तर नेमका तोच तुमच्यात शोधता येतो. तुमच्यातही निघाला, तर आतापासूनच दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी लागेल आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जावे लागेल. तुमच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदणी चालते. तशी नोंद घरातही करा : कुणाला, कुठला, कितव्या वर्षी. तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.