नाग नदीचा गाळ: निकेल सोडा, शिसं बघा

तुमचा प्रश्न असा: प्रोजेक्टसाठी नागपुरात पंचशील चौक आणि पारडीजवळून नाग नदीचा गाळ काढला, लॅबने निकेल ८०, क्रोमियम १४०, तांबं १३०, शिसं ६० मिलिग्रॅम प्रति किलो दिलं; निकेल ४८.६ च्या मर्यादेपेक्षा (ज्यापुढे गाळातल्या जीवांना अपाय होण्याची शक्यता धरतात) जास्त आहे, तर नदी विषारी लिहायचं का?

निकेलच्या जोरावर तरी नको. ती मर्यादा उत्तर अमेरिकेतल्या गाळावरून काढलेली आहे. पश्चिम नागपूर बेसॉल्टवर आहे आणि या काळ्या दगडात निकेल, क्रोमियम, तांबं मुळातच भरपूर असतं. आजूबाजूला एकही कारखाना नसलेल्या नाल्यातसुद्धा निकेल ४८.६ ओलांडू शकतं. शिसं मात्र बेसॉल्टमध्ये फार कमी, साधारण १० च्या आतच. तेव्हा तुमच्या रिपोर्टमधली खरी बातमी ते ६० शिसं आहे. जस्त आणि कॅडमियम मोजलंच नाही, तेही मागवा. शहराचा हात याच तिघांत आधी दिसतो.

जिओ-अ‍ॅक्युम्युलेशन इंडेक्स (गाळ किती दूषित झाला ते सांगणारा आकडा) काढताना मोजलेल्या आकड्याला बॅकग्राउंडच्या, म्हणजे धातूच्या नैसर्गिक पातळीच्या, दीडपटीने भागून २ च्या पायाचा लॉग घेतात. शिशाचं बॅकग्राउंड १० धरलं तर ६० भागिले १५, म्हणजे ४, लॉग २. सगळे वापरतात ती शेल या गाळाच्या खडकाची जागतिक सरासरी, २०, घेतली की तोच इंडेक्स १ वर येतो. गाळ तोच, निष्कर्ष एक पायरी खाली! म्हणून बॅकग्राउंड इथलंच हवं. नदीपात्रात खोल कोअर (नळीने काढलेला उभा नमुना) घेऊन ते मिळणार नाही, कारण दर उन्हाळ्यात जेसीबी गाळ उपसतो आणि थर उलटेपालटे होतात. शहराच्या वर, रस्ता आणि वस्तीपासून दूरच्या बेसॉल्टवरच्या नाल्यातून चार-पाच नमुने घ्या. कन्हानपर्यंत जाणार असाल तर तिथलं बॅकग्राउंड वेगळं काढा. ती सातपुड्यातून येते, तिची वाळू निराळी.

आता नमुना. वळणाच्या आतल्या बाजूला जिथे बारीक गाळ बसतो तिथला वरचा ५ सेंटीमीटर, प्लास्टिकच्या चमच्याने, चार-पाच जागांचा एकत्र. पुलाच्या खांबाला चिकटून घेऊ नका, रंग आणि गंज येतो. नायलॉनच्या ६३ मायक्रॉन चाळणीतून काढलेला भागच मोजायचा. धातू बारीक कणांना चिकटतात, त्यामुळे वाळू जास्त असलेलं ठिकाण उगाच स्वच्छ दिसतं. पितळी चाळणी नकोच, तांबं-जस्त तीच देते. वाळवणं ४० अंशांवर. पारा मोजायचा असेल तर तो नमुना न तापवता वेगळा ठेवा.

लॅबला विचारा, अ‍ॅक्वा रेजिया (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) वापरलं की हायड्रोफ्लोरिक आम्लाने पूर्ण विरघळवलं. अ‍ॅक्वा रेजियात सिलिकेटमधलं अ‍ॅल्युमिनियम अर्धवटच येतं. त्याच आकड्याने एनरिचमेंट फॅक्टर (धातू भागिले अ‍ॅल्युमिनियम, हे गुणोत्तर बॅकग्राउंडच्या किती पट) काढला की तो फुगतो, आणि अशा फुगलेल्या आकड्यांवर खूप प्रोजेक्ट उभे आहेत. हायड्रोफ्लोरिक कॉलेजच्या लॅबमध्ये स्वतः हाताळायला जाऊ नका. ब्लँक (गाळाशिवायची चाचणी), डुप्लिकेट (त्याच नमुन्याची दुसरी मोजणी) आणि प्रमाणित संदर्भ नमुन्याची रिकव्हरी (माहीत असलेल्या आकड्याच्या किती टक्के सापडलं) रिपोर्टवर नसेल तर मागून घ्या.

धातू किती सहज सुटतात ते बघायला बीसीआर पद्धत (टप्प्याटप्प्याने जास्त तीव्र रसायनांनी धातू सोडवणं) आहे, पण पारडीचा काळा, कुजका वास येणारा गाळ उन्हात वाळवून त्यावर ती करू नका. त्यातले धातू सल्फाइडमध्ये, म्हणजे गंधकाच्या संयुगांत, अडकलेले असतात. हवा लागली की सल्फाइड ऑक्सिडाइज होतं आणि कॅडमियम-जस्त सहज सुटणाऱ्या भागात सरकतं. त्यासाठी गाळ हवाबंद, बर्फात नेऊन ओलाच वापरायचा. काठावर उपसून टाकलेल्या ढिगातही हेच होतं आणि पहिल्या पावसात सुटलेलं पुन्हा नदीत जातं. म्हणून असा ढीग भाजीच्या वाफ्यात घालू नका, आणि नमुना घेण्याआधी त्या टप्प्यात यंदा उपसा झालाय का ते महापालिकेत विचारा.