गेम कंट्रोलरचा ट्रिगर नीट चालत नाहीये? आधी आकडे बघ
कंट्रोलर लगेच उघडायला घेऊ नकोस. केबलने कॉम्प्युटरला जोड आणि गेमपॅड टेस्टरमध्ये (कंट्रोलरचे आकडे दाखवणारं ॲप किंवा वेबसाइट) ट्रिगरचा आकडा बघ. एक्सइनपुटमध्ये (विंडोजची कंट्रोलर वाचायची पद्धत) तो 0 ते 255 असतो. बोट काढूनही 0 वर येत नसेल, तर ट्रिगर कडेला घासतोय का, स्प्रिंग जागेवर आहे का ते तपास. बऱ्याचदा सेन्सर बिचारा ठणठणीत असतो.

हळूहळू दाबताना आकडा उड्या मारतोय आणि आत पोटेन्शियोमीटर (पट्टीवर घासत सरकणारा सेन्सर) आहे? मग ती पट्टी, म्हणजे ट्रॅक, झिजलाय किंवा घाण बसलीय. हॉल सेन्सरमध्ये (चुंबकाची जागा ओळखणारा) घासणारं काही नसतं, तिथे ट्रिगरमधलं इवलंसं चुंबक सुटलंय का बघ. चिकटवताना दिशा सांभाळ.

डेडझोन (सुरुवातीचा जो हलका दाब गेम मोजतच नाही) वाढवून वेळ मारून नेता येते, पण रेसिंगमध्ये हलका ॲक्सिलरेटर गेलाच समज. आणि हो, आत हात घालण्याआधी बॅटरी सोडव.