सरांनी घातलेलं कुंपण काढू का?

प्रश्न : आमच्या मच्छीमार सोसायटीचा लिलावाचा आणि डिझेलचा हिशेब एका जुन्या सी प्रोग्रॅमवर चालतो. तो लिहिणारे सर आता निवृत्त आहेत. नव्या लिनक्स मशीनवर बिल्ड करायला घेतला, तर ईफेन्स लायब्ररी सापडत नाही म्हणून लिंकर (तुकडे जोडून प्रोग्रॅम तयार करणारं साधन) थांबतो. जुन्या मशीनवर चालतो, पण हंगामभराचा अहवाल काढताना ‘एमप्रोटेक्ट फेल्ड, कॅनॉट अलोकेट मेमरी’ म्हणून बंद पडतो. रॅम तर ८ जीबी आहे! मेकफाइलमधून (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधून) ईफेन्स काढून टाकू का? सरांनी घातलंय, म्हणून हात धजत नाही.
– एक वाचक, मालवण

उत्तर : काढा. पण हात धजत नाही म्हणालात ते मला आवडलं, कारण सरांनी ते उगाच घातलेलं नाही.

ईफेन्स म्हणजे इलेक्ट्रिक फेन्स. ब्रूस पेरेन्स यांनी १९८७ मध्ये पिक्सारमध्ये असताना लिहिलेली लायब्ररी. सीमध्ये मॅलॉकने, म्हणजे मेमरी मागण्याच्या फंक्शनने, मागून घेतलेल्या तुकड्याच्या हद्दीवर कुणाचा पहारा नसतो. कलमांच्या बागेचा गडगा ढासळला की गुरं कधी आत शिरली ते कळत नाही, नुकसान झाल्यावरच कळतं, तसंच हे. ईफेन्स प्रत्येक तुकड्याच्या शेवटाला लागून मेमरीचं एक बंद पान ठेवतं. लिहिताना त्यात पाऊल पडलं की प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो आणि डीबगरमध्ये नेमकी ओळ दिसते. सरांच्या काळात ही फार मोठी सोय होती.

तुमचा अहवाल मात्र त्यामुळेच अडतोय. पान असतं ४,०९६ बाइटचं. बोटीच्या नावाला २४ बाइट हवेत, तरी ईफेन्स दोन पानं अडवतं, म्हणजे ८,१९२ बाइट. त्याहून मोठी अडचण अशी की लिनक्स मूळ सेटिंगनुसार एका प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) मेमरीचे साधारण ६५,५३० विभागच पाडू देतं, आणि इथे प्रत्येक तुकड्यामागे दोन खर्ची पडतात. एका नोंदीला एक तुकडा धरला तरी ३२ हजारांच्या आसपास सगळं संपतं. रॅम ८ जीबी असो की ३२. तपासणीचं हत्यार रोजच्या प्रोग्रॅममध्ये राहून गेलं, दुखणं ते आहे.

नुसती ओळ उडवून थांबू नका. मी एका पतसंस्थेच्या प्रोग्रॅममध्ये तेच केलं होतं. बिल्ड झाला, सगळे खूश. पुढे नवा स्क्रीन जोडला आणि पावत्यांवर एका खातेदाराच्या नावाला दुसऱ्याच्या नावाचं शेपूट येऊ लागलं. चूक शोधायला तीन आठवडे गेले, तोवर लोक पावत्या घेऊन दारात उभे. ते चेहरे मी विसरलेली नाही.

म्हणून ईफेन्सच्या जागी मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आणा. तो जीसीसी या सी कंपायलरमध्ये २०१३ पासून, ४.८ आवृत्तीपासून, आहे. वेगळी लायब्ररी शोधत फिरायला नको. मेकफाइलमध्ये तपासणीचं वेगळं टार्गेट करा आणि ‘एफसॅनिटाइझ’ला ‘अ‍ॅड्रेस’ देणारा फ्लॅग फक्त तिथेच लावा, कंपाइलला आणि लिंकला दोन्हीकडे. सोबत ‘जी’ फ्लॅग द्या, म्हणजे ओळीचा नंबर मिळेल. प्रोग्रॅम साधारण दुप्पट वेळ घेईल, पण मॅलॉकशिवायचे, म्हणजे स्टॅकवरचे (एका फंक्शनपुरते) आणि ग्लोबल (सगळ्या प्रोग्रॅमचे) अ‍ॅरेही तपासले जातील. ते ईफेन्सला दिसतच नव्हते. दोन्ही एकत्र मात्र लावू नका, दोघंही मॅलॉक आपल्याकडे घेतात. बिल्डआधी मशीन तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्येही ईफेन्सचा उल्लेख शोधा. तिथे ‘सापडलं तर जोड’ असं लिहिलेलं असेल, तर कुणाच्या तरी मशीनवर ते गुपचूप परत येईल.

मग एक नाव भरून बघा : श्री सातेरी प्रसन्न. रोमनमध्ये स्पेस धरून हे २१ अक्षरांचं, नाव संपल्याची खूण म्हणून सी ठेवतं त्या शेवटच्या शून्यासकट २२ बाइट; २४ च्या जागेत आरामात मावतं. देवनागरीत मात्र यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी चिन्हं. १७ चिन्हांचे ५१, दोन स्पेस, एक शून्य : ५४ बाइट. सरांनी प्रोग्रॅम लिहिला तेव्हा बोटींची नावं इंग्रजीत भरत असतील, तर सॅनिटायझर इथेच ओरडेल. तसा ओरडला तर ती जागा वाढवा आणि नाव उतरवताना लांबी तपासा. मेमरीचा तुकडा एखाद्या स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या फील्ड्सच्या गठ्ठ्याच्या) मधल्या फील्डचा असेल, तर शेजारच्या फील्डमध्ये गेलेलं सॅनिटायझरलाही कळत नाही. तेवढी फील्ड्स डोळ्यांनी वाचावी लागतील.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत लिलाव नाही, घाई नाही. तेव्हाच हे काम घ्या आणि गेल्या हंगामाच्या सगळ्या नोंदी नव्या बिल्डमधून चालवून जुन्या छापील बेरजांशी ताडून बघा.

त्याआधी एकदा सरांकडे जाऊन या. ईफेन्स घातलं त्या दिवशी नेमकं काय बिघडलं होतं ते विचारा. बिघाडाची तीच पहिली चाचणी म्हणून लिहून ठेवा. जाताना मेकफाइल मोठ्या टायपात छापून न्या.