मुलाला मानसोपचारतज्ज्ञांनी रिस्पेरिडोन सुरू केलं, पण आमचे फॅमिली डॉक्टर ते पुढे लिहून द्यायला तयार नाहीत. असं का?

मी स्वतः फॅमिली डॉक्टर आहे. तुमचा ८ वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, रागाच्या भरात स्वतःला चावतो आणि गोळीने त्याला थोडं बरं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी डॉक्टर हात आखडता घेतात तेव्हा किती एकटं वाटत असेल, याची मला कल्पना आहे.

खरं सांगायचं तर आम्हाला भीती वाटते. लहान मुलांच्या मानसोपचाराचं शिक्षण आम्हाला फार थोडं मिळतं. हे औषध मूळचं स्किझोफ्रेनियाचं, आणि समोरचं मूल अनेकदा पोटात मळमळतंय की डोकं जड झालंय हेही सांगू शकत नाही.

ही भीती निराधार नाही. १०१ ऑटिस्टिक मुलांवर ८ आठवडे झालेल्या रिस्पेरिडोनच्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांची तीव्र चिडचिड आणि आक्रमकपणा बराच कमी झाला. नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. पण त्याच ८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी २.७ किलोने वाढलं, दुसऱ्या गटाचं ०.८ किलोने. अमेरिकेत २००६ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली तीही या चिडचिडीसाठी. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही, आणि ते कुणी तसं सांगून देत असेल तर मीही अडून बसेन.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, नऊ-दहा वर्षांचा, एक शब्दही न बोलणारा. उजव्या गालावर तळहाताने फाडफाड मारून घ्यायचा. आई थकून गेली होती, "काहीतरी शांत करणारं द्या" म्हणाली. मी तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतलीही होती. पण तो मारून घेत होता ते फक्त उजव्या बाजूला. मी टॉर्च त्याच्या हातात दिला आणि स्वतः आ केला. त्याने माझ्या तोंडात बराच वेळ उजेड पाडला, मग स्वतःचं तोंड उघडलं. मागची दाढ किडून हिरडी टम्म सुजली होती. दातांवर उपचार झाले आणि मारून घेणं थांबलं.

तेव्हापासून दात, कान, बद्धकोष्ठता, छातीतली जळजळ आणि झोप पाहिल्याशिवाय मी पुढचं बोलतच नाही. सगळं पाहूनही काही सापडत नाही आणि मूल स्वतःला रक्त येईपर्यंत चावतं, अशीही घरं मी पाहिली आहेत. तिथे गोळीने घरातल्यांना पहिल्यांदा सलग झोप मिळाली. अशा वेळी नुसतं "मी हे लिहीत नाही" म्हणून आईबापांना परत पाठवणं मला पटत नाही.

त्यामुळे तुमच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा, पण मागणी वेगळी ठेवा. औषध आणि डोस तज्ज्ञांनी ठरवावा. वजन, कमरेचा घेर, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर लक्ष तुम्ही ठेवाल का, असं विचारा. हे काम आम्हाला उत्तम जमतं आणि बहुतेक जण त्याला नाही म्हणणार नाहीत. तज्ज्ञांकडून एक पत्र मात्र मागून घ्या: गोळी नेमकी कशासाठी, फरक कधी तपासायचा, काय दिसलं तर लगेच कळवायचं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३-४ आठवड्यांनी आढावा घ्यायचा असतो आणि ६ आठवड्यांत फरक नसेल तर औषध थांबवायचं असतं. इतकं स्पष्ट पत्र हातात असलं की आमचीही भीड चेपते.

घरी एक वही ठेवा. आज किती वेळा चावला, किती झोपला, किती खाल्लं, एवढंच लिहा. तोंडाच्या किंवा जिभेच्या विचित्र हालचाली दिसल्या तर तेही. आणि या वादात गोळ्या संपू देऊ नका. हे औषध अचानक बंद करायचं नसतं. दोघा डॉक्टरांचं जुळेपर्यंत चिठ्ठी तज्ज्ञांकडूनच घ्या.